निजामाच्या काळातला की बहात्तरनंतरचा?

बीड जिल्ह्यात जुन्या वस्तूचं वय विचारलं तर सन क्वचितच सांगितला जातो. लाकडी पेटी असो, तांब्याचा हंडा असो की भिंतीवरचं घड्याळ, उत्तर बहुधा दोनपैकी एक येतं. एक तर ‘निजामाच्या काळातलं’, नाही तर ‘बहात्तरच्या दुष्काळाच्या मागंपुढं घेतलेलं’. माळ्यावरून काढलेल्या ट्रान्झिस्टरलाही हाच न्याय लागतो. चामड्याचं तपकिरी कव्हर वाळून कडक झालेलं असतं, पट्टा तुटलेला असतो, डायलची काच चुलीच्या धुरानं पिवळी पडलेली असते. घरातली थोरली माणसं ठामपणे सांगतात, आज्यानं निजामाच्या काळात घेतला होता.

ट्रान्झिस्टरच्या बाबतीत हे पहिलं उत्तर कधीच खरं असू शकत नाही. दुसरं मात्र वाटतं त्यापेक्षा फार कामाचं आहे.

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७मध्ये बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली यांच्या गटानं पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला, तेव्हा बीडवर निजामाचंच राज्य होतं. पुढच्या सप्टेंबरच्या १७ तारखेला ते संपलं. मधल्या नऊ महिन्यांत ट्रान्झिस्टर नावाची वस्तू प्रयोगशाळेबाहेर फारशी कोणी पाहिलीही नव्हती. खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ, ‘रीजन्सी टीआर-वन’, अमेरिकेच्या बाजारात आला तो १९५४च्या अखेरीस. त्यात चार ट्रान्झिस्टर होते आणि किंमत ४९.९५ डॉलर होती. पुढच्याच वर्षी जपानमध्ये सोनीचा ‘टीआर-५५’ आला. म्हणजे ‘याच ट्रान्झिस्टरवर आम्ही पहिल्यांदा गीतरामायण ऐकलं’ ही आठवण कितीही गोड असली तरी तीही टिकत नाही. पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं १ एप्रिल १९५५ला. तेव्हा मराठी घरांत जे वाजत होते ते व्हॉल्व्हचे रेडिओ.

आठवण खोटी नसते, ती एका वस्तूवरून दुसरीवर सरकलेली असते. निजामाच्या राज्यात रेडिओ होताच. हैदराबादचं ‘दख्खन रेडिओ’ १९३५मध्ये सुरू झालं, औरंगाबादेतही निजामाचं केंद्र होतं, आणि १९५०मध्ये दोन्ही आकाशवाणीकडे आली. गावातल्या एखाद्या देशमुखाच्या किंवा वकिलाच्या वाड्यात लाकडी कपाटाएवढा व्हॉल्व्हचा सेट असे. तो लावला की आतले दिवे तापेपर्यंत आवाज येत नसे. वीज नसलेल्या ठिकाणी बॅटरीवरचे व्हॉल्व्ह सेट चालत, आणि त्यांना नव्वद व्होल्टची जाडजूड बॅटरी लागे. शेजारच्या नगरसह पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत १९५६मध्ये पुणे केंद्रानं शेतकऱ्यांची रेडिओ श्रोतृमंडळं चालवली, तीही याच व्हॉल्व्हच्या जमान्यात. तेव्हा पहिली तपासणी अगदी सोपी आहे. मागचं झाकण उघडावं. आत काचेचे मोठे बल्ब दिसले तर तो ट्रान्झिस्टर नाहीच, आणि मग मात्र ‘निजामाच्या काळातला’ हे म्हणणं एकदम हसण्यावारी नेऊ नये.

झाकण उघडलंच आहे तर आत हात घालण्याआधी बाहेरचं आणि झाकणाच्या आतल्या बाजूचं सगळं लेखन नीट वाचून घ्यावं. ओल्या फडक्यानं पुसण्याची घाई करू नये, कारण कागदी लेबल हा पहिला साक्षीदार असतो.

लेबलावर कारखान्याचा किंवा दुकानदाराचा पत्ता असेल तर त्यात सहा आकडी पिनकोड आहे का, हे आधी पाहावं. भारतात पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ला. डाक-तार खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ही योजना. बीडला ४३११२२ मिळाला, अंबाजोगाईला ४३१५१७. त्याआधी मुंबईसारख्या मोठ्या शहरांत नुसता विभागाचा आकडा लिहीत, ‘मुंबई-१’, ‘मुंबई-२६’ असा. दुष्काळानं मराठवाडा होरपळत होता, लोक सुकडी आणि मिलो खाऊन खडी फोडत होते, नेमक्या त्याच वर्षी देशातल्या प्रत्येक पत्त्याला हे सहा आकडे चिकटले. त्यामुळे ‘बहात्तरच्या आधीचा की नंतरचा’ हा घरातला प्रश्न लेबलालाही विचारता येतो. पिनकोड छापलेला असेल तर ते लेबल बहात्तरच्या पावसाळ्यानंतरचं, यात शंका नाही. पिनकोड नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. कितीतरी दुकानदारांनी जुनी छापील लेबलं संपेपर्यंत वापरली आणि कित्येकांनी पिनकोड लिहायची सवयच लावून घेतली नाही. रेडिओचं वय काढताना ही एकाच बाजूनं चालणारी वाट सतत लक्षात ठेवावी लागते. खूण सापडली तर तो पुरावा, न सापडली तर नुसता अंदाज.

दुकानदाराच्या शिक्क्यावरचं गावाचं नावही बोलतं. इंग्रजीत बीड आज ‘बी-डबल-ई-डी’ असं लिहितात, पण सरकारनं १९६९मध्ये काढलेल्या जिल्हा गॅझेटियरवर ते ‘बी-एच-आय-आर’, म्हणजे भीर असंच आहे. अंबाजोगाईचं निजामकाळातलं नाव मोमिनाबाद, आणि तेही जुन्या कागदांवर भेटतं. असली नावं पाटीवर नि शिक्क्यावर सरकारी बदलानंतरही वर्षानुवर्षं रेंगाळतात, म्हणून त्यांना जोडपुरावा मानावं, मुख्य साक्षीदार नव्हे.

कारखान्याचं नाव त्याहून नेमकं असू शकतं. मराठवाड्यातल्या घरांत फिलिप्स, मर्फी, बुश, एचएमव्ही, जीईसी, नेल्को ही नावं जास्त आढळतात. फिलिप्सनं १९४८मध्ये कोलकात्यात रेडिओ बनवायला सुरुवात केली आणि १९५९मध्ये पुण्याजवळ दुसरा कारखाना काढला. १९८०च्या दशकात काही वर्षं याच कंपनीचं कायदेशीर नाव ‘पीको इलेक्ट्रॉनिक्स अँड इलेक्ट्रिकल्स’ असं होतं. पुढच्या जाळीवर फिलिप्स आणि मागच्या लेबलावर पीको असा सेट हाती आला, तर त्याचं दशक तरी पक्कं झालं. मर्फीच्या गुटगुटीत बाळाचं चित्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं आहे, पण ते व्हॉल्व्हच्या सेटपासून इतकी वर्षं चाललं की वय काढायला त्याचा उपयोग जवळजवळ नाही.

आता डायल. काटा जिथून फिरतो त्या पट्टीवर मीडियम वेव्हचे आकडे असतात आणि त्यांच्या टोकाला एकक लिहिलेलं असतं. जुन्या डायलवर ते ‘किलोसायकल’ असतं, ‘केसी’ किंवा ‘केसी/एस’ अशा अक्षरांत. नव्यावर ‘किलोहर्ट्झ’ येतं. हर्ट्झ हे नाव आंतरराष्ट्रीय मापन परिषदेनं १९६०मध्ये स्वीकारलं, पण कारखान्यांच्या छापखान्यापर्यंत पोहोचायला त्याला दहाएक वर्षं लागली. साठच्या दशकाच्या अखेरीपासून सत्तरच्या मध्यापर्यंत हा बदल सावकाश होत गेला. म्हणजे इथेही दुभाजक पुन्हा बहात्तरच्याच आसपास पडतो.

काही डायलवर आकड्यांसोबत शहरांची नावंही छापलेली असतात. त्यातलं ‘सिलोन’ वाचलं की अनेकांना बिनाका गीतमाला आठवते. १९५२पासून रेडिओ सिलोनवर लागणारा तो कार्यक्रम ऐकायला शॉर्टवेव्ह हवी, म्हणून दोन किंवा तीन बँडच्या सेटला मान होता. सिलोनचं श्रीलंका झालं २२ मे १९७२ला, पुन्हा बहात्तर! पण हा पुरावा पातळ आहे. लोकांच्या तोंडी ‘सिलोन’ पुढेही तसंच राहिलं आणि छापणाऱ्यांनीही ते लगेच बदललं नाही.

झाकणाच्या आत किंवा कव्हरच्या खिशात कधी कधी हातानं लिहिलेली चिठ्ठी सापडते. कोणतं स्टेशन कुठं लागतं, त्याची ती नोंद. मराठवाड्यातल्या श्रोत्यांचं आपलं केंद्र परभणीचं, ते १९६८मध्ये सुरू झालं. त्यामुळे ज्या चिठ्ठीत परभणी आहे ती त्यानंतरची, हे उघड आहे. शिवाय आकडेही पाहावेत. आशियातल्या मीडियम वेव्ह केंद्रांची नवी मांडणी २३ नोव्हेंबर १९७८पासून लागू झाली आणि दोन केंद्रांमधलं अंतर १०ऐवजी ९ किलोहर्ट्झ झालं. तेव्हापासूनचे आकडे नऊच्या पाढ्यात बसतात. परभणी १३०५, औरंगाबाद १५२१, पुणे ७९२, यातल्या कुठल्याही आकड्याला नऊनं भागून पाहावं. चिठ्ठीतला आकडा नऊनं भागला जात नसेल तर ती बहुधा अठ्ठ्याहत्तरच्या आधीची. भागला गेला म्हणून ती नंतरचीच ठरत नाही, कारण ९९० किंवा १२६० असे आकडे दोन्ही पद्धतींत बसतात. मीटरमध्ये लिहिलेलं असेल तर तीन लाखांना त्या आकड्यानं भागावं, किलोहर्ट्झ मिळतात. २३० मीटर म्हणजे परभणीच.

बाहेरचं वाचून झालं की पट्टीकडे, म्हणजे सर्किटकडे वळावं. आतलं सगळं भारतीय रेडिओ मेकॅनिकांच्या दोन पिढ्यांनी हाताळलेलं आहे आणि त्यात या विषयाची खरी मजा आहे.

सर्वांत जुने ट्रान्झिस्टर ‘ओसी’ अक्षरांचे. ओसी ४४, ओसी ४५, ओसी ७१, ओसी ७२. ही अक्षरं व्हॉल्व्हच्या नामावळीतून उचललेली आहेत. त्या पद्धतीत पहिलं अक्षर आतल्या तापणाऱ्या तारेचा दाब सांगे. ‘ओ’ म्हणजे शून्य, तापणारी तारच नाही. ‘सी’ म्हणजे ट्रायोड. ट्रान्झिस्टरला स्वतःची नामावळी मिळण्याआधी युरोपातल्या इंजिनिअरांनी त्याला ‘न तापणारा व्हॉल्व्ह’ म्हणूनच दाखल करून घेतलं होतं. ओसी ७१ तर काचेच्या नळीत असे आणि ती नळी बाहेरून काळ्या रंगानं रंगवलेली असे. त्यामागचं कारणही सुंदर आहे. आतल्या जर्मेनियमवर उजेड पडला की वीज वाहू लागते आणि रेडिओ बिघडतो. तोच ट्रान्झिस्टर रंग न देता, उजेड ओळखणारा ‘ओसीपी ७१’ म्हणून वेगळा विकला जाई. काळा रंग ब्लेडनं खरवडून स्वस्तात प्रकाशयंत्रं करण्याचा उद्योग त्या काळच्या हौशी मंडळींनी जगभर केला. असा रंगवलेल्या काचेचा ओसी मूळ जागी सापडला, तर सेट पन्नासच्या दशकाच्या अखेरचा किंवा साठच्या दशकाच्या आरंभाचा धरायला हरकत नाही. बीड जिल्ह्यात तो मिळणं दुर्मीळच, पण मिळाला तर जपून ठेवावा.

त्यानंतरची पिढी धातूच्या डबीतली. ‘एसी’ आणि ‘एएफ’ अक्षरांची. यात पहिल्या ‘ए’चा अर्थ जर्मेनियम, ‘सी’ आवाजाच्या कामासाठी, ‘एफ’ रेडिओलहरींसाठी. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६२पासून जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनू लागले, तेव्हा डबीवर ‘बीईएल’ दिसलं की सेट त्यानंतरचा. एएफ ११४ ते एएफ ११७ या भावंडांचा एक आजार प्रसिद्ध आहे. त्यांना तीनऐवजी चार पाय असतात आणि चौथा पाय डबीला जोडलेला असतो. डबीच्या आतल्या कथलाच्या मुलाम्यातून वर्षानुवर्षं केसाहून बारीक तंतू उगवतात, ते आतल्या जोडण्यांना टेकतात आणि रेडिओ एक दिवस अचानक मुका होतो. अमेरिकेच्या नासा संस्थेतल्या अभ्यासकांनीही अशा जुन्या एएफ ११४च्या डब्या फोडून हे तंतू तपासले आहेत. उपाय साधा आहे, चौथा पाय कापून टाकायचा. जुन्या सेटमध्ये असा कापलेला पाय दिसला तर तो बिघाड समजू नये. कुण्या जाणत्या हातानं या सेटला एकदा परत बोलतं केलं होतं, याची ती खूण आहे.

जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की त्यातून नकोशी गळणारी वीज साधारण दुप्पट होते. मराठवाड्यात पारा ४२पर्यंत जातो तेव्हा पत्र्याच्या घरातल्या अशा सेटचा आवाज चिरका होतो आणि सेलही लवकर उतरतात. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आले आणि ही तक्रार मिटली. त्यांचं पहिलं अक्षर ‘बी’. भारत इलेक्ट्रॉनिक्सनं सिलिकॉनची बनावट १९६७च्या सुमारास सुरू केली. बीसी १४८, बीएफ १९४, बीएफ १९५ हे आकडे सत्तरच्या दशकातल्या भारतीय सेटमध्ये वारंवार आढळतात. काळ्या प्लॅस्टिकचं अंग आणि चपटे, रुंद पाय ही त्यांची ओळख. संक्रमणाच्या वर्षांत कारखान्यांनी खिचडी केली. स्टेशन पकडणारा भाग सिलिकॉनचा झाला, पण स्पीकर चालवणारी शेवटची जोडी एसी १२८ किंवा एसी १८७-१८८ अशी जर्मेनियमचीच राहिली. अशी मूळ खिचडी दिसली की सत्तरचं दशक धरावं. आणि अनेक पायांचा काळा किडा, म्हणजे टीबीए ८१०सारखी आयसी बसवलेली असेल, तर सेट ऐंशीच्या दशकाकडे झुकलेला आहे.

बॅटरीच्या तारा पाहूनही पहिला कौल मिळतो. जर्मेनियमच्या बहुतेक सेटमध्ये सेलचं धन टोक सर्किटच्या सामाईक पट्टीला जोडलेलं असतं, सिलिकॉनच्या बहुतेकांत ऋण टोक. हे न पाहता सेल किंवा एलिमिनेटर उलटा लावला, तर पन्नास वर्षं टिकलेले ट्रान्झिस्टर क्षणात जळतात.

इथे एक मोठी अडचण येते. आपल्याकडे रेडिओ टाकून देत नसत, दुरुस्त करत. म्हणून सेटमध्ये सापडलेला सर्वांत नवा भाग सेटचं वय सांगत नाही, तो शेवटच्या दुरुस्तीचं वय सांगतो. वय सांगतो तो मूळचा सर्वांत नवा भाग. दोन्हींतला फरक ओळखायला डोळे बसावे लागतात. कारखान्यातलं सोल्डर एकसारखं असतं, मेकॅनिकचा डाग फुगीर असतो आणि भोवती राळेचा तपकिरी थर उरतो. बदललेल्या भागाचे पाय लांब किंवा वाकडे राहतात. सारखी धूळ बसलेल्या रांगेत एखादा कंडेन्सर स्वच्छ दिसतो.

समजा, एका सेटच्या डायलवर किलोसायकल आहे, लेबलावर पिनकोड नाही, रेडिओलहरींच्या भागात तीन एएफ ११७ आहेत, आवाजाला एसी १२८ची जोडी आहे, सगळ्यांवर बीईएल आहे, आणि मधोमध एक केल्ट्रॉनचा कंडेन्सर आहे. केल्ट्रॉन ही केरळ सरकारची कंपनी १९७३मध्ये स्थापन झाली. मग हा सेट त्र्याहत्तरनंतरचा म्हणायचा का? कंडेन्सरखालचा डाग पाहावा. तो फुगीर असेल तर कंडेन्सर नंतरचा आहे, आणि सेट स्वतः १९६२ ते १९७२ या दशकातला, बहुधा त्याच्या मधल्या किंवा शेवटच्या वर्षांतला. म्हणजे तो निजामाचा नाही, पण दुष्काळ त्यानं पाहिला असणार.

याहून पक्का पुरावा कागदाचा, आणि तो बहुतेक वेळा रेडिओजवळ नसतो. तो ट्रंकेत सातबाऱ्याच्या नि रेशनकार्डाच्या जोडीला असतो. रेडिओ बाळगायला लायसन लागे आणि ते पोस्टातून मिळे. पासबुकासारख्या छोट्या वहीत दरवर्षी फी भरून तिकिटं चिकटवली जात आणि त्यांवर पोस्टाचा तारखेचा शिक्का बसे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत संपली. त्या वहीतला सर्वांत जुना शिक्का म्हणजे घरात रेडिओ आल्याची तारीख, वर्ष आणि महिन्यासकट. वहीतलं वर्णन हातातल्या सेटशी जुळतं का, एवढं मात्र तपासावं, कारण एकाच घरात व्हॉल्व्हच्या सेटनंतर ट्रान्झिस्टर आलेला असू शकतो. विकत घेतल्याची पावती मिळाली तर पैशाची भाषा पाहावी. भारतात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली आणि ‘नये पैसे’ हा शब्द १९६४च्या जूनपर्यंत चालला. ट्रान्झिस्टरच्या पावतीवर आणे दिसले तर संशय घ्यावा. नये पैसे दिसले तर मात्र फार जुना आणि फार चांगला सेट हाती आला आहे.

परदेशातून आलेल्या सेटच्या खुणा वेगळ्या. जपानी ट्रान्झिस्टरवर ‘२एसए’, ‘२एसबी’, ‘२एससी’ अशी सुरुवात असते. अमेरिकन डायलवर ६४० आणि १२४० या जागी दोन छोटे त्रिकोण असतील तर तो सेट १९५३ ते १९६३ या काळातला. युद्ध झालंच तर सूचना ऐकण्यासाठी तिथल्या सरकारनं त्या दोन जागा राखून ठेवल्या होत्या.

भारतीय सेटवर एफएम बँड असेल तर जुनेपणाचा दावा बराचसा सोडून द्यावा. भारतात एफएमचं प्रसारण १९७७मध्ये मद्रासला सुरू झालं आणि आपल्या जिल्ह्यांत ते आणखी उशिरा आलं. आकाशवाणीचं बीड केंद्र १०२.९ मेगाहर्ट्झवर, एफएमवरच आहे. त्यामुळे दुष्काळाच्या काळातले दोन बँडचे सेट कितीही उत्तम दुरुस्त केले तरी परभणी पकडण्यासाठी बनलेल्या त्या डायलवर बीड लागत नाही.

शेवटी झाकणाची आतली बाजू पुन्हा एकदा उजेडात तिरकी धरून पाहावी. लग्नातल्या भांड्यांवर नावं घालतात तशी रेडिओवरही घातलेली असतात, तापवलेल्या सुईनं प्लॅस्टिकवर कोरलेली, कधी तारखेसकट. ऊसतोडीला जाताना बैलगाडीच्या दांडीला टांगलेला सेट कोप्यांच्या गर्दीत ओळखू यावा म्हणून मोठ्या अक्षरांत कोरलेलं गावाचं नावही असतं. आणि स्पीकरच्या चुंबकावर किंवा पुठ्ठ्यावर मेकॅनिकनं पेन्सिलीनं टिपलेली नोंद असते. गिऱ्हाईकाचं आडनाव, तारीख, ‘गँग साफ’, ‘दोरी बदलली’, कधी राहिलेली बाकी. ही पेन्सिल बोटाच्या घामानंही पुसली जाते. म्हणून झाकण उघडल्यावर सर्वांत आधी तिचा फोटो काढावा, आणि मगच सेल टाकून आवाज येतो का ते पाहावं.